आतड्यातल्या वणाकडे वेळेत बघा: पचनविकारतज्ज्ञांना आणि औषधचाचण्या आखणाऱ्यांना खुलं पत्र

आतड्यांच्या विकारांवर उपचार करणारे सर्व डॉक्टर, नव्या औषधांच्या चाचण्या आखणारे संशोधक आणि त्या औषधांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणांतले अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी क्रोन्स आजाराची, म्हणजे आतड्यात पुन्हापुन्हा दाह होणाऱ्या दीर्घकाळच्या आजाराची रुग्ण आहे. माझ्या लहान आतड्याचा शेवटचा भाग वणांमुळे, म्हणजे जखमा भरताना भिंतीत साठलेल्या ताठ ऊतीमुळे, चिंचोळा झाला आहे. तुम्ही त्याला स्ट्रिक्चर म्हणता. गेली काही वर्षं या एकाच विषयावर हाती लागेल ते मी वाचते आहे, इतर रुग्णांशी बोलते आहे, आणि त्यातून एक गोष्ट मनात पक्की झाली आहे. आतड्याच्या दाहाकडे तुम्ही जेवढं लक्ष देता, त्याच्या निम्मंही लक्ष त्या दाहामागून येणाऱ्या वणाकडे जात नाही. दाहासाठी औषधं आहेत, मोजमापं आहेत, कधी काय साधायचं याची उद्दिष्टं आहेत. वणाला मात्र आतडं तुंबेपर्यंत कुणी विचारत नाही. हे बदलावं म्हणून हे पत्र.

तुमच्या औषधांमुळेच माझ्यासारखे अनेक जण आज उभे आहेत, याची मला पूर्ण जाणीव आहे. म्हणूनच हे तुम्हालाच सांगावंसं वाटतं.

वण हा या आजाराचा मागाहून कळलेला भाग मुळीच नाही. १९३२ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातले बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर यांनी १४ रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. तिच्या सुरुवातीलाच त्यांनी नोंदवलं होतं की आतड्याच्या अस्तरावर जखमा होतात, पण त्या जखमांच्या मानाने भिंतीत संयोजी ऊती कितीतरी जास्त वाढते आणि त्यामुळे बऱ्याचदा आतला मार्ग अरुंद होतो. म्हणजे ज्या लेखामुळे हा आजार जगाला कळला, त्याच लेखात वणही होता. त्यानंतरच्या नव्वद वर्षांत दाहाच्या साखळीतली एकेक कडी उलगडली. १९९८ साली अमेरिकेत क्रोन्ससाठी इन्फ्लिक्सिमॅब या दाह रोखणाऱ्या औषधाला मंजुरी मिळाली आणि त्यामागून औषधांची रांग लागली. आतड्यातल्या वणासाठी खास मंजूर झालेलं औषध मात्र आजपर्यंत एकही नाही.

हा वण तयार कसा होतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण हे पत्र रुग्ण आणि त्यांचे घरचेही वाचतील, म्हणून थोडं लिहिते.

निरोगी लहान आतड्याची भिंत तीन मिलिमीटरपेक्षा जाड नसते. तिला जखम झाली की फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी धावून येतात, त्यांचं रूप बदलून त्या मायोफायब्रोब्लास्ट होतात, कोलॅजनचे धागे विणतात आणि जखमेच्या कडा आवळून धरतात. काम झालं की या पेशींनी मरून जायचं असतं आणि जादा कोलॅजन विशिष्ट विकरांनी (एन्झाइम्सनी) तोडून साफ करायचं असतं. हातावर कापल्यावर बहुतेक वेळा असंच होतं. क्रोन्समध्ये जखम भरते न भरते तोच पुन्हा होते. टीजीएफ-बीटा हा वण घडवणारा मुख्य संदेश सतत चालू राहतो, त्याच्या जोडीला आयएल-१३, आयएल-११, टीएल१ए असे इतर संदेश असतात. कोलॅजन तोडणारी विकरं आणि त्यांना रोखणारी प्रथिनं यांचा तोल बिघडतो. विणकाम थांबत नाही आणि सफाई होत नाही. शिवाय क्रोन्सचा दाह अस्तरापुरता नसतो, तो भिंतीच्या सगळ्या थरांतून आरपार जातो. त्यामुळे वणही सगळ्या थरांत पसरतो, आणि कोलॅजनबरोबर भिंतीतले स्नायूही वाढून जाड होतात. शस्त्रक्रियेत काढलेला असा तुकडा बागेतल्या रबरी नळीसारखा ताठ लागतो. त्याची भिंत कधीकधी एक सेंटिमीटरपर्यंत जाड झालेली असते.

याच्या पुढची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि ओपीडीत ती मी फारशी कुणाच्या तोंडून ऐकलेली नाही. एका मर्यादेनंतर वणाला दाहाची गरज उरत नाही. ताठ झालेली भिंत फायब्रोब्लास्टना स्वतःच चेतवते. आजूबाजूचा ताण त्या पेशींना जाणवतो आणि त्या आणखी कोलॅजन तयार करतात, त्याने भिंत आणखी ताठ होते. म्हणजे रक्तातलं सीआरपी हे दाह दाखवणारं प्रथिन खाली आलं, अस्तरावरच्या जखमा भरल्या, तरी खाली काम चालूच असू शकतं. आतड्याला बाहेरून वेढत जाणारी चरबी ही त्यातलीच आणखी एक गुंतागुंत. पोट उघडल्यावर रोगट भाग कुठे आहे हे शल्यविशारद त्या चरबीवरून ओळखतात. ती केवळ साक्षीदार आहे असं फार काळ मानलं जात होतं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आतड्यातून निसटून त्या चरबीत जाऊन बसलेले जिवाणू सापडले. त्यातला क्लॉस्ट्रिडियम इनोक्यूअम हा जिवाणू चरबी आणि वण दोन्ही वाढवतो असं त्यात दिसलं. एनओडी२ या जनुकात ठरावीक बदल असलेल्यांना लहान आतड्याच्या शेवटी स्ट्रिक्चर होण्याचा धोका जास्त असतो. धूम्रपानाने तो आणखी वाढतो. 'काहीतरी चुकीचं खाल्लंस म्हणून आतडं आकसलं' हे वाक्य मात्र रुग्णाच्या घरात फार ऐकू येतं. ते खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे डॉक्टरांनी घरच्यांसमोर एकदा तरी स्पष्ट सांगावं असं मला मनापासून वाटतं.

आता मोजमापाकडे येते, कारण माझी खरी तक्रार तिथे आहे.

आजार किती जोरात आहे हे ठरवायला १९७६ पासून सीडीएआय नावाची गुणपद्धत वापरात आहे. आठवडाभरात पातळ शौचाला किती वेळा गेलात, पोट किती दुखलं, एकूण बरं वाटतं का, वजन किती, अशा गोष्टींची त्यात बेरीज होते. दाहामुळे जुलाब होणाऱ्या रुग्णाचं दुखणं त्यात बऱ्यापैकी उमटतं. ज्याचं आतडं आकसलं आहे त्याचं उमटत नाही. कारण असा रुग्ण हळूहळू खाणं सोडत जातो.

हे जवळून कसं दिसतं ते सांगते. जेवण झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने बेंबीच्या उजवीकडे, जरा खाली, कळ यायला लागते. अरुंद जागेच्या मागचं आतडं जोर लावत असतं. बारीक माणसाच्या पोटाच्या कातडीखाली ते वेटोळं फुगून वर आलेलं दिसतं, हात ठेवला तर घट्ट गोळा लागतो. मग आतून मोठ्याने गुरगुर होते, गोळा ओसरतो, कळ थांबते. थोड्या वेळाने पुन्हा तेच. असं चार-पाच जेवणांनंतर झालं की माणूस आधी सालीची फळं सोडतो, मग दाणे, कच्च्या भाज्या, मग मांस. मग रात्रीचं जेवण. बाहेर जायचं असेल त्या दिवशी तर काहीच खात नाही. शेवटी पातळ आणि कुस्करलेलं तेवढंच उरतं. पोटात काही पडतच नाही, त्यामुळे कळही कमी येते आणि शौचही कमी होतं. तपासणीला गेलं की प्रश्न येतो, दिवसातून किती वेळा जावं लागतं? एकदा. पातळ होतं का? नाही. वा, छान. आणि कागदावर लिहिलं जातं, आजार नियंत्रणात.

माझ्या बाबतीत असंच झालं. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांच्या हातातल्या फॉर्ममध्ये जे रकाने होते ते त्यांनी भरले. 'काय काय खाणं सोडलंत?' असा रकाना त्यात नव्हता. तुम्हाला माझी पहिली विनंती हीच आहे की हा प्रश्न प्रत्येक भेटीत विचारा. त्याला यंत्र लागत नाही, खर्च लागत नाही. रुग्ण आपण होऊन सांगणार नाही, कारण त्याला ते लक्षण वाटतच नाही. आपण पथ्य पाळतो आहोत असं त्याला वाटत असतं. आणि सगळा चोथा कायमचा बंद करायलाही सांगू नका. पुष्कळदा भाजी शिजवून मऊ करून, साल आणि बिया काढून, नीट चावून खाता येते. ज्याच्या त्याच्या आतड्याचा मार्ग किती उरला आहे, हे पाहून आहारतज्ज्ञाने ते ठरवायला हवं. छापील यादी हातात देऊन हे काम होत नाही.

तपासण्यांचंही असंच आहे. दुर्बिणीतून चिमट्याने घेतलेला तुकडा फक्त अस्तराचा असतो आणि वण असतो त्याच्या खाली, स्नायूंच्या थरांपर्यंत. म्हणजे बायॉप्सीचा अहवाल चांगला आला तरी वणाबद्दल तो जवळजवळ काही सांगत नाही. रक्ताच्या ज्या तपासण्या आज नेहमी होतात, त्यांतली एकही वण दाखवत नाही. एमआर एंटेरोग्राफी (आतड्याचा एमआरआय), सीटी आणि आतड्याची सोनोग्राफी यांनी आकसलेली जागा चांगली दिसते, पण त्या जागी दाह किती आणि वण किती हे खात्रीने वेगळं करता येत नाही. खरं तर बहुतेक स्ट्रिक्चरमध्ये दोन्ही मिसळलेलं असतं. म्हणून 'हे सुजेचं आहे, औषधाने जाईल' आणि 'हे वणाचं आहे, कापावं लागेल' अशी दोन खणांत केलेली वाटणी फार वेळा अंदाजावर चालते. अंदाज असेल तर रुग्णाला तसं सांगा. आम्हाला झेपतं ते.

स्ट्रिक्चर नेमकं कशाला म्हणायचं यावर तज्ज्ञांचं आंतरराष्ट्रीय एकमत प्रसिद्ध झालं ते २०१८ साली. त्यानुसार लहान आतड्याचा आतला व्यास निम्म्याने तरी कमी झालेला हवा, भिंत शेजारच्या चांगल्या भागापेक्षा किमान २५ टक्के जाड हवी आणि मागचं आतडं तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त फुगलेलं हवं. १९३२ ते २०१८ हे अंतर बघा. जिची व्याख्याच ठरली नव्हती, त्या गोष्टीवर औषध शोधणार कोण? त्यानंतर स्टार नावाच्या संशोधकांच्या गटाने एमआरआयवरून गुण देण्याची पद्धत आणि अडथळ्याच्या लक्षणांची रुग्णाने स्वतः भरायची प्रश्नावली यांवर काम सुरू केलं आहे. हे काम करणाऱ्यांचे आम्ही ऋणी आहोत. पण ते रोजच्या ओपीडीपर्यंत अजून आलेलं नाही.

चाचण्या आखणाऱ्यांशी आता थेट बोलते. गेल्या पंचवीस वर्षांत क्रोन्सच्या ज्या मोठमोठ्या औषधचाचण्या झाल्या, त्यांतल्या बहुतेकांत अडथळ्याची लक्षणं असलेल्या रुग्णांना प्रवेशच नव्हता. कारण मला समजतं. चाचणीच्या मध्येच आतडं तुंबलं तर रुग्णाच्या जिवालाही धोका आणि निष्कर्षही गढूळ होतात. पण याचा परिणाम असा झाला की निदानाच्या वेळीच दहांतल्या एकाला किंवा त्याहून जास्त जणांना जी गोष्ट झालेली असते आणि पुढे ज्यांची संख्या वाढतच जाते, त्यांच्यासाठी कुठलं औषध निवडायचं हे डॉक्टरांना पुराव्याविनाच ठरवावं लागतं. एके काळी तर इन्फ्लिक्सिमॅबने जखम झपाट्याने भरते, म्हणून आतडं उलट आकसेल अशी भीती होती. मोठ्या नोंदवह्यांमधली माहिती आजाराची तीव्रता लक्षात घेऊन तपासली, तेव्हा दोष औषधाकडे जात नाही असं दिसलं. पण ती भीती काही ठिकाणी अजूनही कानावर येते आणि रुग्णाला ज्याची गरज आहे तेच औषध लांबणीवर पडतं.

धाडस करून ज्यांनी अशा रुग्णांना चाचणीत घेतलं, त्यांच्या हाती काहीतरी लागलं. फ्रान्समधल्या गटाने लहान आतड्यात स्ट्रिक्चर असलेल्या, लक्षणं सुरू असलेल्या ९७ रुग्णांना ॲडालिमुमॅब हे इन्फ्लिक्सिमॅबच्याच जातीचं औषध दिलं आणि २०१८ मध्ये निष्कर्ष मांडले. सहा महिन्यांनी ६४ टक्के रुग्णांत उपचार यशस्वी ठरला होता आणि चार वर्षांनंतरही जवळपास निम्म्यांची शस्त्रक्रिया टळली होती. ऑस्ट्रेलियात ७७ रुग्णांवर जास्त मात्रेचं ॲडालिमुमॅब व थायोप्युरिन हे प्रतिकारशक्ती आवरणारं औषध यांची जोडी आणि नेहमीच्या मात्रेचं ॲडालिमुमॅब यांची तुलना झाली. वर्षाअखेर अडथळ्याची लक्षणं पहिल्या गटात ७९ टक्के आणि दुसऱ्यात ६४ टक्के रुग्णांची कमी झाली. दोन्हींतला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरला नाही, पण दोन्ही गटांतले बहुसंख्य सुधारले, आणि काहींच्या एमआरआयवर तर स्ट्रिक्चर दिसेनासं झालं. ज्यांच्याबद्दल 'आता औषधाचा उपयोग नाही' असं गृहीत धरलं जात होतं, तेच हे रुग्ण.

वण पडूच नये यासाठीची सर्वांत भक्कम वाट मला तरी एकच दिसते, ती म्हणजे सुरुवातीलाच जोरदार उपचार. ब्रिटनमध्ये नव्याने निदान झालेल्या ३८६ रुग्णांवर झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाला लगेच इन्फ्लिक्सिमॅब आणि जोडीला इम्युनोमोड्युलेटर (प्रतिकारशक्ती आवरणारं औषध) दिलं, दुसऱ्याला पायरीपायरीने चढत जाणारे उपचार दिले. वर्षभर स्टेरॉइड किंवा शस्त्रक्रियेविना आजार शांत राहण्याचं प्रमाण पहिल्या गटात ७९ टक्के होतं, दुसऱ्यात १५ टक्के. चाचणी वणाची नव्हती हे मान्य. पण जखम पुन्हापुन्हा होणं थांबलं तर वणाचं कारणच जातं. याउलट स्टेरॉइडने सूज दोन आठवड्यांत उतरते, रुग्णाला बरं वाटतं आणि स्ट्रिक्चर रोखण्याचं काम काही होत नाही. वर्षानुवर्षं अधूनमधून स्टेरॉइडचे कोर्स घेत राहिलेले रुग्ण मला भेटतात तेव्हा मला फार वाईट वाटतं. प्रत्येक कोर्सच्या मधल्या काळात त्यांच्या आतड्याच्या भिंतीत काय चाललं होतं, हे तेव्हा कुणी पाहिलं नाही.

फुग्याच्या उपचाराबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. दुर्बिणीतून फुगा नेऊन आकसलेली जागा रुंद करणं हा पाच सेंटिमीटरपर्यंतच्या, सरळ आणि आजूबाजूला गळू किंवा भगंदर (आतड्याच्या भिंतीतून आरपार पडलेली वाट) नसलेल्या स्ट्रिक्चरसाठी चांगला उपाय आहे. २०१७ मध्ये १,४६३ रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. जागा रुंद करण्यात ८९ टक्के वेळा यश आलं होतं, आणि आतडं फाटणं किंवा रक्तस्राव होणं अशी मोठी गुंतागुंत तीन टक्क्यांच्या आत होती. पण दोन वर्षांत सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांना पुन्हा फुगा लागला आणि सुमारे ४३ टक्क्यांना शस्त्रक्रिया. हे आकडे वाईट नाहीत. शस्त्रक्रिया दोन-तीन वर्षं पुढे गेली तर तेवढ्या काळात शिक्षण पूर्ण होतं, मूल होतं. फक्त रुग्णाला ते आधी माहीत हवेत. दुसऱ्यांदा फुगा लागला की आपलंच काहीतरी चुकलं असं त्याला वाटायला नको. फुग्याऐवजी धातूची जाळीदार नळी बसवून पाहिली गेली, पण ८० रुग्णांच्या तुलनेत वर्षभर पुढचा उपचार न लागण्याचं प्रमाण फुग्याच्या गटात सुमारे ८० टक्के आणि नळीच्या गटात ५१ टक्के निघालं.

शस्त्रक्रियेकडे हार म्हणून बघणंही सोडायला हवं, डॉक्टरांनी आणि आम्हीही. मागचं आतडं खूप फुगलेलं असेल, भगंदर झालं असेल, औषधाने महिनोन्‌महिने काही फरक नसेल, तेव्हा पोषण सुधारून ठरवून केलेली शस्त्रक्रिया ही रात्री-अपरात्री नाकात नळी घालून घाईत केलेल्या शस्त्रक्रियेपेक्षा कितीतरी बरी. मात्र कापलेलं आतडं परत येत नाही. लहान आतड्याचा शेवटचा भाग बी-१२ आणि पित्तक्षार शोषतो. तो गेला की बी-१२ची इंजेक्शनं आणि पित्तक्षारांचे जुलाब मागे लागू शकतात. आणि प्रतिबंधक औषध दिलं नाही तर जोडलेल्या जागेवर वर्षभरात बहुतेकांच्या दुर्बिणीत आजार पुन्हा दिसतो.

इथे स्ट्रिक्चरोप्लास्टीचा इतिहास आठवल्यावाचून राहवत नाही. आतड्याचा तुकडा न काढता अरुंद जागेवर लांबीच्या दिशेने छेद घेऊन तो आडवा शिवायचा, म्हणजे मार्ग रुंद होतो. भारतातल्या कटारिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्षयरोगाने आकसलेल्या आतड्यांवर हे करून १९७७ मध्ये प्रसिद्ध केलं. ऑक्सफर्डच्या इमॅन्युएल ली यांनी ते क्रोन्ससाठी वापरलं आणि १९८२ मध्ये मांडलं. तेव्हा शंका साहजिक होती: रोगट, वणाने भरलेली भिंत पोटात तशीच ठेवायची? पण २००७ मध्ये १,१०० हून अधिक रुग्णांची माहिती एकत्र केली, तेव्हा शिवलेल्या त्याच जागी आजार परत येण्याचं प्रमाण अवघं तीन टक्के निघालं. आजार उलटला तो बहुतेक दुसऱ्याच जागी. वणाने भरलेला तोच भाग, मार्ग मोकळा झाल्यावर शांत झाला.

तुम्ही यावर थांबून विचार करावा असं मला फार वाटतं. वण म्हणजे शेवट, तिथून परतीची वाट नाही, हे आम्हाला इतक्या वेळा सांगितलं गेलं आहे. पण यकृताबद्दलही हेच म्हणत होते, आणि हेपटायटिसचा विषाणू औषधाने काबूत आल्यावर यकृतातला वण मागे हटतो हे नंतर दिसलं. उंदरांमध्ये टीएल१ए हा संदेश अडवल्यावर आतड्यातला तयार झालेला वण कमी झाला. फुप्फुसातल्या वणाची गती कमी करणारी पिरफेनिडोन आणि निन्टेडॅनिब ही औषधं अमेरिकेत २०१४ मध्ये मंजूर झाली. वण झालेल्या स्निग्ध यकृतासाठी रेसमेटिरॉम २०२४ मध्ये मंजूर झालं. मग आतडंच मागे का?

एक कारण खरोखर कठीण आहे. टीजीएफ-बीटा शरीरभर अडवता येत नाही. तोच संदेश दाहाला लगामही घालतो, आणि तो सगळीकडे बंद केला तर हृदयाच्या झडपांनाही इजा होऊ शकते. म्हणून ऑन्टुनिसर्टिबसारखं औषध आतड्यातच काम करेल आणि रक्तात शिरण्याआधी यकृतात निकामी होईल असं बेतलं गेलं. स्ट्रिक्चर असलेल्या क्रोन्सच्या रुग्णांवर त्याची सुरुवातीची चाचणी झाली आहे. टीएल१ए अडवणाऱ्या औषधांच्या मोठ्या चाचण्याही आता सुरू आहेत. माझी विनंती आहे की त्या चाचण्यांत केवळ अस्तर किती भरलं एवढंच पाहू नका. भिंतीची जाडी, मागच्या आतड्याचा फुगवटा आणि रुग्ण काय खाऊ शकतो, हेही पहिल्या दिवसापासून नोंदवा. नंतर जुन्या फायलींतून ते शोधून काढता येणार नाही.

अल्सरेटिव्ह कोलायटिस या मोठ्या आतड्याच्या दाहाच्या आजाराबद्दल थोडंच लिहिते, पण ते वगळू नका. तिथेही वण होतो. मोठं आतडं आखूड आणि ताठ होतं, दाह शांत असूनही रुग्णाला घाईची लागते आणि त्याला सांगितलं जातं की सगळं ठीक आहे. आणि कोलायटिसमध्ये आकसलेली जागा दिसली तर तिथे कर्करोग नाही ना, हे आधी तपासलंच पाहिजे.

मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्यांना एवढंच: औषधाने वण कमी झाला हे कशावरून मानायचं, याचा निकष लवकर ठरवा. तो ठरत नाही तोवर कंपन्या पैसे घालणार नाहीत, आणि शस्त्रक्रिया टळली का हे पाहायला वर्षानुवर्षं चालणारी चाचणी कुणी हाती घेणार नाही. एमआरआयवरची मोजमापं आणि अडथळ्याच्या लक्षणांची रुग्णाने भरलेली प्रश्नावली एकत्र धरून हंगामी मंजुरी देता येईल का, याचा विचार करा. पुढची शस्त्रक्रियेची माहिती मंजुरीनंतर गोळा करण्याची अट घाला. आणि ही प्रश्नावली बनवताना आकसलेलं आतडं घेऊन जगणारी माणसं त्या खोलीत असू द्या. कळ येऊन गेल्यावरचा थकवा, जेवणाआधीची भीती, प्रवासाच्या दिवशी उपाशी राहणं हे त्या प्रश्नावलीत आमच्याशिवाय येणार नाही.

डॉक्टरांनो, तुमच्याकडून मागते ते याहून सोपं आहे. निदान झालं की लगेच आतड्याच्या भिंतीचं एक मोजमाप घेऊन ठेवा, मग ते सोनोग्राफीने असो की एमआरआयने, आणि दरवर्षी त्याच्याशी तुलना करा. आकसलेली जागा असण्याची शंका असेल तर कॅमेऱ्याची कॅप्सूल गिळायला देण्याआधी विरघळणारी चाचणी-कॅप्सूल द्या, कारण खरी कॅप्सूल आत अडकली तर ती काढायला पोट उघडावं लागू शकतं. दुखण्याच्या गोळ्या सर्रास लिहू नका, त्यांतल्या काहींनी आतड्यात पडदे येऊन मार्ग अरुंद होतो. धूम्रपान सोडायला मदत करा, नुसतं सुनावू नका. आणि शल्यविशारदाची भेट आतडं तुंबण्याआधी, शांतपणे, एकदा घडवून आणा. तेव्हा रुग्ण प्रश्न विचारू शकतो. कॅज्युअल्टीत, सलाईन लावलेलं असताना, त्याला फक्त सही करता येते.

या पत्राला उत्तर द्यावंसं वाटलं तर तुमच्या विभागात या वर्षी किती रुग्णांच्या आतड्याच्या भिंतीची जाडी मोजून नोंदवली गेली, ते कळवा.

आपली,
क्रोन्सची एक रुग्ण